कारण : गांजा

भंडाऱ्याकडच्या कुणापुढेही गांजाचं नाव काढा, त्याला आधी हायवे आठवतो. जुना सहा नंबर, आताचा ५३. ओडिशा-छत्तीसगडकडून येतो, साकोली, लाखनी, भंडारा करत नागपूरला जातो. दर काही दिवसांनी लोकल पेपरात तोच फोटो असतो: टेबलावर खाकी टेपने गुंडाळलेल्या पाकिटांची रास, मागे ओळीने उभे पोलीस, पुढे मान खाली घातलेला ट्रक ड्रायव्हर. माल पूर्वेकडून आलेला, जायचा असतो पश्चिमेला.

सव्वाशे वर्षांपूर्वी हे नेमकं उलटं होतं. भंडाऱ्याला गांजा पश्चिमेकडून यायचा आणि त्यावर सरकारी कर भरलेला असायचा.

तेव्हा भंडारा म्हणजे आजचा भंडारा अधिक गोंदिया (गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये). भोसल्यांचं नागपूर राज्य खालसा झाल्यावर हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून मध्यप्रांतात, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत 'सीपी'त आला. या प्रांतात गांजाची लागवड फक्त निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या आसपास, परवान्यावर व्हायची. माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जायचा, तिथून कर भरून ठोक व्यापाऱ्याकडे, मग तालुक्याच्या परवानाधारक दुकानात. देशी दारूचं दुकान असतं ना, तसंच गांजाचं. घेणाऱ्याला दुकानदाराशी डोळे चोरून बोलायची गरज नव्हती.

हे सगळं मला का माहीत, तर गेले काही वीकएंड मी 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चा रिपोर्ट वाचतोय. १८९४ सालचा, सात खंडांचा. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलाय. गांजावर इतकी मोठी चौकशी जगात त्याआधी कुणी केली नव्हती. हातात घेतला तो गंमत म्हणून, पण त्यातलं वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण आलं आणि मी अडकलो. कारण मंडळी, ते प्रकरण गांजाबद्दल कमी आहे आणि डेटाबद्दल जास्त.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन नावाच्या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला. केन दारूबंदीवाले, अफूचेही कट्टर विरोधक. त्यांचं म्हणणं असं, की हिंदुस्थानात सरकार गांजा पिकवू देतं, विकू देतं, त्यावर पैसे कमावतं. याचे लोकांच्या शरीरावर, मनावर आणि नीतीवर काय परिणाम होतात ते एकदा तपासा आणि बंदी घालायची की नाही ते ठरवा. सरकारने जुलैत कमिशन नेमलं. सात माणसं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग पंजाबचे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन कलकत्त्याचे. तीन हिंदी सभासद: ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आणि आपल्या सीपीतून अँड्र्यू फ्रेझर, तेव्हा छत्तीसगड विभागाचे कमिशनर. (हेच फ्रेझर पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि क्रांतिकारकांनी त्यांच्यावर अनेकदा हल्ले केले. पण तो वेगळा विषय.)

या लोकांनी सत्तर प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि देशभर फिरले. एकूण ११९३ साक्षी घेतल्या. सिव्हिल सर्जन, तहसीलदार, वैद्य, हकीम, मिशनरी, मालगुजार, गांजाचे ठेकेदार, सगळे त्यात आहेत. सीपीतल्या जिल्ह्यांतल्या साक्षीही आहेत. मतं तर इतकी परस्परविरोधी, की वाचताना हसू येतं. एक म्हणतो गांजेकस माणूस भित्रा होतो, दुसरा म्हणतो खुनशी होतो. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत होतं: गांजाने माणूस वेडा होतो. कशावरून? वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांवरून.

आता इथे जरा थांबू.

सीपीत वेड्यांची इस्पितळं दोन होती, एक नागपूरला आणि एक जबलपूरला. नागपूरचं १८६४ चं, आजही आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं त्याला 'पागलखाना'च म्हणतात. त्या काळी तिथे माणूस पोचायचा कसा? घरच्यांनी डॉक्टरकडे नेला, डॉक्टरने चिठ्ठी दिली, असं फार क्वचित. १८५८ चा कायदा होता. रस्त्यावर भटकणारा, धोकादायक वाटणारा 'वेडा' पोलिसांनी पकडायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, मॅजिस्ट्रेटने सिव्हिल सर्जनला दाखवून इस्पितळात पाठवायचा. सोबत एक फॉर्म. नाव, जात, वय, धंदा, वेड कधीपासून आणि एक रकाना: वेडाचं कारण.

कल्पना करा. भंडारा जिल्ह्यातलं एखादं आडगाव. एक परका माणूस बाजारात उघडा फिरतोय, बडबडतोय. गावच्या कोतवालाने त्याला धरून ठाण्यात आणलाय. हवालदारापुढे फॉर्म आहे. माणूस स्वतःचं नाव धड सांगू शकत नाही, घर कुठे ते ठाऊक नाही, नातेवाईक कुणी नाहीत. 'कारण' काय लिहिणार? रकाना रिकामा ठेवला तर वरचा साहेब कागद परत पाठवणार. मग हवालदार विचारतो, "काय रे, गांजा ओढतोस का?" फकीर, बैरागी, भटका माणूस. बहुतेक वेळा उत्तर 'हो'च. झालं. कारण : गांजा.

ज्यांनी कधी फॉर्म डिझाइन केलाय त्यांना आता कळलं असेल मी का अडकलो ते. एखादं फील्ड मॅन्डेटरी केलं आणि त्यात 'माहीत नाही' हा पर्याय सोयीचा नसला, की युझर सगळ्यात हाताशी असलेलं उत्तर टाकून पुढे जातो. आपल्या सिस्टीममध्ये ९९९९९९९९९९ या मोबाइल नंबरचे शेकडो कस्टमर असतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की हा रकाना ठाण्यातून इस्पितळाच्या रजिस्टरात उतरायचा, रजिस्टरातून प्रांताच्या वार्षिक अहवालात, तिथून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून लंडनला. प्रत्येक पायरीवर कागद जाडजूड होत गेला आणि सही मोठ्या साहेबाची झाली. लंडनमध्ये केनसाहेबांच्या हाती पडेपर्यंत हवालदाराचा अंदाज 'वैद्यकीय आकडेवारी' झालेला होता.

कमिशनने काय केलं तर हा सगळा प्रवास उलटा केला. १८९२ हे एक वर्ष घेतलं. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत मिळून १३४४ माणसं दाखल झाली होती. त्यातली २२२ रजिस्टरात गांजा-भांग-चरसाच्या नावावर होती, म्हणजे दर सहांत एक. कमिशनने या केसेस एकेक करून पुन्हा उघडल्या. इस्पितळाच्या सुपरिंटेंडेंटला बोलावून विचारलं, हे कारण तुम्ही ठरवलंत की फॉर्मवरून उतरवलंत? जिथे पत्ता होता तिथे त्या गावच्या अधिकाऱ्यांमार्फत नातेवाइकांकडे चौकशी केली. हा माणूस खरंच ओढायचा का? वेड आधी लागलं की ओढणं आधी सुरू झालं? घरात आणखी कुणाला वेड होतं का? मिरगी होती का? दारू, धोतरा, अफू?

पुष्कळ ठिकाणी सुपरिंटेंडेंटनी कबूल केलं की पोलिसांच्या कागदावर होतं तेच आम्ही उतरवलं. काही केसेसमध्ये तो माणूस गांजा ओढतच नव्हता. काही जण आधी वेडे झाले आणि मग साधूंच्या नादी लागून ओढू लागले. चाळणी लावून झाल्यावर २२२ चे उरले ९८. त्यातही निव्वळ गांजा-भांगेमुळे असं म्हणता येईल असे ६१, आणि इतर कारणांबरोबर हेही एक कारण असे ३७. साडेसोळा टक्क्यांवरून आकडा सव्वासात टक्क्यांवर आला.

१८९३ साली, कॉम्प्युटर नाही, फोन नाही, बैलगाडीने जाऊन. आमच्याकडे आजही कुणी सोर्सपर्यंत जाऊन डेटा तपासायला तयार नसतं, डॅशबोर्ड दिसला की सगळे खूश.

एवढ्यावर न थांबता त्यांनी एक माकडही घेतलं. डॉ. कनिंगहॅम यांनी त्या बिचाऱ्याला सुमारे आठ महिन्यांत १८१ वेळा गांजाचा धूर दिला, मग मारून त्याचा मेंदू तपासला. काही बिघाड सापडला नाही. एका माकडावरून काय सिद्ध होतं हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडला :-)

शेवटी कमिशनने निकाल दिला तो असा: बेताने घेणाऱ्यावर जवळजवळ काही वाईट परिणाम होत नाहीत, अति करणाऱ्यावर होतात, पण अति करणारे थोडे आहेत. बंदी घालू नये. कर वाढवावा, दुकानं मोजकी ठेवावीत, जवळ किती बाळगायचा त्याला मर्यादा घालावी. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा त्याहून वाईट गोष्टींकडे वळतील आणि महादेवाशी जोडलेल्या गोष्टीत सरकारने नाक खुपसलं असं होईल. हे सर्वांना पटलं नव्हतं. शशिशेखरेश्वर रॉय आणि निहालचंद या दोघांनी विरोधी मतपत्रिका जोडल्या. म्हणजे तीन हिंदी सभासदांपैकी दोघांना गांजावर जास्त कडक निर्बंध हवे होते आणि साहेबाला नको होते. 'साहेबाने आपल्या संस्कृतीवर बंदी आणली' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे जरा बघावं. आणि साहेबाच्या उदारपणालाही गांजाचा महसूल चिकटलेला होता, हे जेम्स मिल्स या इतिहासकाराने 'कॅनाबिस ब्रिटानिका' या पुस्तकात चांगलं दाखवलंय. ती चौकशी प्रामाणिक होती आणि सोयीचीही होती, दोन्ही.

इतकं होऊनही तो रकाना काही मेला नाही. १८९४ चा रिपोर्ट कपाटात गेला. तीस वर्षांनी, १९२४ मध्ये, जिनिव्हाला अफूवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इजिप्तचे प्रतिनिधी डॉ. एल गिंडी उठले आणि म्हणाले, आमच्याकडच्या वेडाच्या ३० ते ६० टक्के केसेस हशीशमुळे आहेत. त्यांच्या आकड्यांचा उगम कुठे? कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळात, जिथले सुपरिंटेंडेंट वॉर्नॉक यांनी वर्षानुवर्षं तशाच पद्धतीने रकाना भरला होता. जिनिव्हातल्या कुणी नागपूर, ढाका, कलकत्त्याच्या केसेस कशा तपासल्या होत्या हे वाचलं नव्हतं. १९२५ च्या करारात गांजा आला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तो अफू-हेरॉइनच्या पंगतीत जाऊन बसला. भारतासारख्या देशांना जुनी वहिवाट बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली, आणि आपल्याकडचं रोपाचं पान आणि बी व्याख्येबाहेर राहिलं. म्हणून १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा गुन्हा आहे, चरस गुन्हा आहे, पण नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. होळीला थंडाईचा ग्लास पुढे करणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कुणास ठाऊक.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, बघा, मी सांगत होतो ना, गांजाने काही होत नाही, ती सगळी खोटी आकडेवारी. पुण्या-बंगलोरच्या फ्लॅटमधल्या शनिवार रात्रीच्या पार्ट्यांत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. 'नॅचरल आहे यार', 'शंकराचा प्रसाद आहे यार'. माझं या मंडळींशीही पटत नाही. डेटा खराब होता यावरून एवढंच ठरतं की डेटा खराब होता. बग रिपोर्ट चुकीचा लिहिला म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बगच नाही असं होत नाही. आणि कमिशनलाही ते ९८ खोडता आले नव्हतेच.

खरा चांगला डेटा यायला पुढे नव्वदेक वर्षं लागली. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी ४५ हजारांवर तरुणांना नशेबद्दल विचारून ठेवलं होतं. पंधरा वर्षांनी किती जणांना स्किझोफ्रेनिया झाला ते तपासलं. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: पन्नासपेक्षा जास्त वेळा ओढणाऱ्यांत प्रमाण सहापट. इतर कारणांचा हिशेब लावल्यावर ते सहापटीवरून बरंच खाली येतं, पण शून्यावर येत नाही. २०१९ मध्ये युरोपातल्या अनेक शहरांत आणि ब्राझीलमध्ये मिळून झालेला मोठा अभ्यास आला. रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता साधारण तिप्पट, आणि रोज ओढणारे जर जास्त टीएचसी असलेला माल वापरत असतील तर जवळपास पाचपट. इथे क्रम महत्त्वाचा आहे. स्वीडनमध्ये आधी ओढणं नोंदवलं गेलं, मग आजार. हवालदाराच्या फॉर्ममध्ये आजारी माणूस समोर उभा करून मागे वळून कारण शोधलं जायचं.

तिप्पट म्हणजे किती हेही लक्षात घ्यायला हवं. स्किझोफ्रेनिया आयुष्यात शंभरात एखाद्याला होतो, किंवा त्याहून जरा कमी. त्याच्या तिप्पट केलं तरी ओढणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो होत नाही. म्हणूनच गंजेट्यांच्या कंपूत कुणालाच हा धोका खरा वाटत नाही. प्रत्येकाच्या ओळखीत वर्षानुवर्षं चिलीम ओढून ठणठणीत असलेला एक 'काका' असतोच. पण ज्याच्या घरात आधीच असा आजार आहे, ज्याने पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरुवात केली, जो रोज ओढतो, त्याचं गणित वेगळं. आणि आताचा माल खंडव्याच्या त्या गांजासारखाच असतो असं धरून चालण्यातही अर्थ नाही.

दुसऱ्या बाजूलाही संशोधन थांबलेलं नाही. टीएचसी हा मुख्य घटक १९६४ मध्ये इस्रायलच्या मेशुलम आणि गावनी यांनी वेगळा केला. मेंदूत त्याला धरून ठेवणारा रिसेप्टर १९८८ मध्ये सापडला. मग प्रश्न आला, मेंदूने हे कुलूप गांजासाठी थोडंच बनवलं असेल? तर १९९२ मध्ये शरीराची स्वतःची किल्ली सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद'वरून. २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या मिरगीवर सीबीडीचं औषध मंजूर झालं. मोठ्यांचं जुनाट दुखणं, केमोथेरपीची मळमळ यांवर फायद्याचे बऱ्यापैकी पुरावे आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने बाजूने मत दिलं. त्याच वर्षी आपले टीव्ही चॅनेल नटनट्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज वाचून दाखवत होते. असो.

आता परत भंडाऱ्याला येऊ. आमच्याकडे गांजाबद्दलचं मत एक नाही, दोन आहेत, आणि ती एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतात. महाशिवरात्रीला तुमसरजवळ गायमुखची यात्रा भरते. तिथे एखादा बाबा चिलीम ओढत बसलेला दिसला तर लोक पाया पडतात. तोच वास कॉलेजच्या मैदानामागून आला तर "पोरगं वाया गेलं". दोन्हीकडे गांजाचं नाव घेऊन माणसाचं मोजमाप होतं.

यात नुकसान कुणाचं होतं ते सांगतो. ओळखीतल्या एका घरातला मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. रात्र रात्र जागायचा, मोबाइलमधून कुणी आपल्यावर नजर ठेवतंय म्हणायचा. मित्रांबरोबर गांजा ओढतो हे कळल्यावर घरच्यांचा प्रश्नच मिटला. कारण सापडलं! वडिलांनी मित्र तोडले, पैसे बंद केले, खोलीला बाहेरून कडी लावली. गांजा सुटला. आवाज येणं सुटलं नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे नेईपर्यंत दीड वर्ष गेलं. गांजाने आजार आणला, की आजाराच्या सुरुवातीच्या बेचैनीत तो गांजाकडे वळला, की घराण्यातच काही होतं, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नाहीत. त्यांनी औषधं सुरू केली आणि गांजा पुन्हा नको म्हणाले, दोन्ही एकदम. आज तो बरा आहे, दुकानात बसतो. ते दीड वर्ष मात्र त्या रकान्याने खाल्लं.

याची उलट बाजू शहरातली. तिथे रकाना मुद्दाम रिकामा ठेवतात. रूममेट चार दिवस झोपला नाही, संशयाने भरल्यासारखा बोलतोय, तर "स्ट्रेस आहे, अप्रेझल आहे". रोज किती ओढतो हे डॉक्टरला सांगायचंच नाही, कारण पोलिसांची भीती. ती अगदीच खोटी नाही. ओढताना सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे: व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. हे कलम मी ज्यांना सांगितलं त्यातल्या वकील सोडून एकालाही ठाऊक नव्हतं.

एम्सने २०१८ मध्ये देशभर सर्वेक्षण केलं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले आणि त्यातल्या ७२ लाखांना या सवयीसाठी मदतीची गरज होती. ही माहिती घरोघर जाऊन, ठरलेल्या प्रश्नांनी गोळा केलेली. भंडाऱ्याच्या माणसाला नागपूरपर्यंत जाणं जमत नसेल तर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. फोन करताना कारण माहीत असावं लागत नाही.